पेंढी, उतरंड, झुंबड: समूहदर्शक शब्द ठरतात तरी कसे?

पोलीस भरती असो, तलाठ्याची परीक्षा असो की शाळेतली शिष्यवृत्ती, मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो: ‘योग्य समूहदर्शक शब्द निवडा.’ मडक्यांची उतरंड, भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत, काजूंची गाथण. ज्यांनी गाथण कधी पाहिली नाही आणि उतरंड कधी रचली नाही, अशी मुलं साठ-सत्तर जोड्या घोकून जातात आणि नेमकी चवड आणि चळत यांच्यात अडकतात. गाईडमधल्या याद्या अकारविल्हे लावलेल्या असतात. कुठला शब्द का, याचा पत्ता त्यांत लागत नाही.

खरं तर या शब्दांमागचा तर्क अगदी साधा आहे. वस्तू किती आहेत याच्याशी समूहदर्शक शब्दाला फारसं देणंघेणं नसतं. त्या एकत्र कशा आल्या, हे तो सांगतो. कुणी बांधल्या, ओवल्या, रचल्या, हाकून आणल्या, की झाडावर तशाच लागल्या? हा एक प्रश्न विचारायची सवय लागली की निम्मी यादी आपोआप उलगडते.

## आधी व्याख्या, एकदाच

अनेक व्यक्ती, प्राणी किंवा वस्तू मिळून जो गट होतो, त्या गटाला एकच मानून दिलेलं नाव म्हणजे समूहदर्शक शब्द. व्याकरणात याला समूहवाचक नाम म्हणतात. मराठी व्याकरण नामाचे मुख्य प्रकार तीन मानतं: सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम. समूहवाचक नाम हा यातल्या सामान्यनामाचाच उपप्रकार आहे, त्यामुळे ‘थवा हे कोणतं नाम?’ या प्रश्नाला पर्यायांत समूहवाचक नसेल तर सामान्यनाम हेच उत्तर.

बोटं पाच असतात, मूठ एकच. ‘पाच बोटांची मूठ वळली’ असं आपण म्हणतो, ‘वळली’ हे मुठीला धरून. थवा, जुडी, कळप हे सगळे शब्द मुठीसारखे आहेत: आतले घटक दिसतात, मोजता येतात, पण वाक्य चालतं ते गटाच्या नावावर.

## एकच प्रश्न: हे एकत्र आलं कसं?

झेंडूचं उदाहरण घेऊ. फुलं अजून जमिनीत, झाडांवर आहेत तेव्हा तो ताटवा. तोडून, देठ जुळवून बांधली की गुच्छ. दोऱ्यात ओवली की माळ. टोपलीतून नुसती ओतली की ढीग. फूल तेच आहे, संख्याही तीच असू शकते. बदललं ते हाताने केलेलं काम, आणि शब्द त्या कामाप्रमाणे बदलला. आंब्याचंही तेच: झाडं शेजारी शेजारी उभी आहेत तोवर राई, एका देठाला चार-पाच लटकत आहेत तो घोस, उतरवून पिकायला घातली की अढी.

बांधलेल्या वस्तूंचे शब्द वेगळे. मेथीची जुडी, किल्ल्यांचा जुडगा, लाकडांची मोळी, गवताचा भारा. जुडी आणि जुडगा दोन्हींत ‘जुडणे’ आहे, म्हणजे एकत्र सांधलं जाणं. यांच्यात फरक पडतो तो आकाराने आणि वाहण्याच्या रीतीने. जुडी हातात मावते. मोळी डोक्यावर किंवा खांद्यावर घेतात, म्हणून ती लांबट, काटक्या एका दिशेने लावलेली आणि आवळून बांधलेली असते. सैल मोळी चालताना सुटते आणि मधली लाकडं घसरून जातात.

या शब्दांची चढती भाजणीही असते. ज्वारीच्या कडब्यात ती फार छान दिसते. काढलेली ताटं एकत्र करून बांधली की पेंढी. पाच पेंढ्यांचा पाचुंदा. व्यवहारात कडब्याचा हिशोब शेकड्यावर होतो आणि पाचुंदे घेतले की मोजणी पटापट होते: वीस पाचुंदे म्हणजे शंभर पेंढ्या. या पेंढ्या पावसापाण्यात टिकाव्यात म्हणून उतरत्या माथ्याची रचली ती गंजी. कणसांसकट पेंढ्या रचल्या असतील तर तिला सुडी म्हणतात, कारण तिची मळणी अजून व्हायची आहे. ‘कडब्याचा ढीग’ असं म्हटलं तर शेतकरी हसेल. ढिगात पाणी मुरतं आणि कडबा काळा पडतो, गंजीत तो वर्ष काढतो.

ओवलेल्या वस्तूंना गाथण. गाथणे म्हणजे दोऱ्यात किंवा काडीत एकामागोमाग घालणे. काजूंची गाथण, माशांची गाथण. परीक्षेतल्या यादीत काजू आणि मासे एकाच शब्दाखाली का, हे कोडं इथे सुटतं: दोन्ही ओवले जातात. ग्रंथ हा शब्दही याच कुळातला, संस्कृत ‘ग्रथ्’ म्हणजे गुंफणे या धातूचा. भूर्जपत्रं आणि ताडपत्रं एकत्र बांधून पोथी व्हायची, त्या कामाची आठवण त्यात आहे.

एकावर एक ठेवलेल्या वस्तूंचे शब्द सर्वांत जास्त चुकतात, म्हणून तिथे जरा थांबू.

चळत म्हणजे सारख्या आकाराच्या, चपट्या, कठीण वस्तू नीट कडेला कड जुळवून ठेवलेल्या. नाण्यांची चळत. चवड भाकऱ्यांची. ती गरम गरम एकावर एक टाकलेली असते, कडा तंतोतंत जुळत नाहीत, आणि तशी अपेक्षाही नसते. थप्पी पोत्यांची. गोदामात पोत्यांचा एक थर उभा, दुसरा आडवा असा लावतात, म्हणजे थर एकमेकांना धरून राहतात आणि थप्पी कलत नाही. नोटांची थप्पीही म्हणतात. नोटा कागदी पट्टीने किंवा दोऱ्याने बांधल्या की मात्र ते पुडकं.

उतरंड या सगळ्यांहून वेगळी. सर्वांत मोठं मडकं तळाशी, त्याच्या तोंडावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान, आणि टोकाला एवढंसं बोळकं. प्रत्येक मडकं खालच्याचं झाकण होतं, म्हणून धान्य-कडधान्य साठवायला ही रचना सोयीची. तिची अडचणही याच रचनेत आहे: तळातल्या मडक्यातलं काही हवं असेल तर वरची सगळी मडकी उतरवावी लागतात, आणि तळाचं मडकं फुटलं तर वरची सगळी कोसळतात. खाली असलेल्याने वरच्या सगळ्यांचं ओझं वाहायचं, ही गोष्ट ‘उतरंड’ या शब्दात मुरलेली आहे. म्हणूनच समाजव्यवस्थेबद्दल बोलताना आपण ‘जातींची उतरंड’ म्हणतो, ‘जातींचा ढीग’ म्हणत नाही. समूहदर्शक शब्द नेमका निवडला की किती अर्थ वाहून नेतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अढीतही असाच एक धडा आहे. गवताच्या किंवा पेंढ्याच्या थरावर उतरवलेले आंबे, वर पुन्हा गवत, असे थर लावले की झाली अढी. पिकताना फळातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो, तो गवतात कोंडून राहतो आणि शेजारच्या फळांना पिकायला लावतो. एखादं फळ सडू लागलं की त्यावरची बुरशी शेजाऱ्याला लागते आणि वायूही वाढतो. ‘एक नासका आंबा सगळी अढी नासवतो’ ही म्हण त्यामुळे शब्दशः खरी आहे. ढिगाबद्दल ती म्हण झाली नाही, कारण ढिगात फळं पिकवायला कोंडून ठेवलेली नसतात.

## खात्री करायची असेल तर क्रियापद पाहा

शब्द आठवतोय पण खात्री नाही, अशा वेळी त्याच्यासोबत येणारं क्रियापद उच्चारून बघावं. जुडी बांधतात, उतरंड रचतात, अढी लावतात, गाथण ओवतात, थप्पी लागते, घोळका जमतो, रीघ लागते, झुंबड उडते. झुंबड कधी ‘उभी’ नसते, कारण तिच्यात धक्काबुक्की आणि घाई आहे. गाडी फलाटावर येते त्या क्षणी उतारूंची झुंबड उडते. गाडी येण्याआधी फलाटावर असते ती गर्दी. यादीत दोन्ही माणसांचेच शब्द म्हणून छापलेले असतात, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

## ही सूक्ष्मता मराठीने कुठून आणली?

बरीचशी संस्कृतातून, आणि तिथे ती फार आधीपासून जाणीवपूर्वक नोंदलेली आहे. अमरसिंहाच्या अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, दुसऱ्या कांडात, सिंहादिवर्गाच्या शेवटी समूहवाचक शब्दांची रांगच आहे. आधी समूह, निवह, व्यूह, व्रज, ओघ, निकर, संघात, गण, वृंद, कदंबक असे सर्वसाधारण शब्द येतात. मग तो भेद सांगू लागतो. सारख्या वस्तूंचा तो वर्ग. प्राण्यांचा, माणसांचा तो संघ किंवा सार्थ. एकाच जातीच्यांचं ते कुल. पशुपक्ष्यांचं ते यूथ. समान आचारधर्म पाळणाऱ्यांचा तो निकाय. धान्यासारख्या गोष्टींच्या ढिगाला पुंज, राशी, उत्कर, कूट. पक्ष्यांसाठी तर वेगळी सोय: कबुतरांचा समूह कापोत, पोपटांचा शौक, मोरांचा मायूर, तित्तिरांचा तैत्तिर.

याच ओळींत एक जोडी येते: पशूंचा तो ‘समज’, इतरांचा तो ‘समाज’. एका मात्रेचा फरक. दोन्ही शब्द ‘सम्’ म्हणजे एकत्र आणि ‘अज्’ म्हणजे हाकणे, चालवणे यांतून आले. पाणिनीने अष्टाध्यायीत यासाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे (३.३.६९): पशूंबद्दल बोलायचं असेल तर एक प्रत्यय लागून समज होतो. एरवी दुसरा प्रत्यय लागतो, त्याने ‘अ’चा ‘आ’ होतो आणि समाज बनतो. मराठीतला ‘समज’, म्हणजे आकलन, तो वेगळा. त्याचा या शब्दाशी संबंध नाही.

पाणिनीचं आणखी एक सूत्र आहे, ४.२.३७, ‘तस्य समूहः’: एखाद्याचा समूह सांगायचा असेल तर पुढील प्रत्यय लावावेत. त्यानंतरच्या सूत्रांत ग्राम, जन, बंधू या शब्दांना ‘ता’ लावायला सांगितलं आहे. त्यातून ग्रामता, बंधुता आणि आपली रोजची ‘जनता’ मिळते. मानवता, सुंदरता यांतला ‘ता’ गुण दाखवतो. जनतेतला ‘ता’ समूह दाखवतो. म्हणून ‘जनता’ भाववाचक नाम नाही, समूहवाचक आहे. ‘ता’ दिसला की भाववाचक, असा ठोकताळा लावणारे परीक्षार्थी इथे हमखास गुण घालवतात.

मराठीत हे शब्द थोडे झिजून, कधी अर्थ बदलून आले. कलाप म्हणजे जुडगा, समुच्चय, मोराचा पिसारासुद्धा. त्यावरून आपला कळप, आणि मराठीत तो जनावरांपुरता उरला. राजी म्हणजे ओळ, त्यावरून वनराई आणि आमराई, म्हणजे मुळात आंब्याच्या झाडांची ओळ. फोडणीतली राई वेगळ्या शब्दावरून आली. राशीची रास झाली: खळ्यावरच्या धान्याचीही आणि आकाशातल्या ताऱ्यांच्या गटाचीही. यात्रेची जत्रा झाली. खिल्लार म्हणजे गाईगुरांचा मोठा कळप. माणदेशातल्या काटक बैलांच्या जातीलाही आज आपण खिल्लारच म्हणतो.

## काफिला, ताफा, पलटण: बाहेरून आलेले पाहुणे

फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांत प्रवास आणि सैन्य यांचा भरणा आहे, आणि ते साहजिक आहे. अरबीत ‘काफिला’ म्हणजे प्रवाशांचा तांडा. त्याचा धातू ‘परत येणे’ या अर्थाचा आहे. निघतानाच सुखरूप परतण्याची आशा नावात घालून ठेवलेली.

मराठी यादीत काफिला जहाजांचा का, हा प्रश्न अनेकांना पडतो. याला पश्चिम किनाऱ्याचा इतिहास आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत गुजरात, गोवा, मलबार या पट्ट्यात व्यापारी गलबतं पोर्तुगीज लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात घोळक्याने जात. अशा जथ्याला पोर्तुगीजही हाच शब्द वापरत. वाळवंटातला शब्द अशा रीतीने समुद्रात उतरला. जमिनीवरचं काम मराठीत ‘तांडा’ करतच होता: हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फिरणाऱ्या बंजाऱ्यांचा तांडा. ती भटकंती थांबल्यावर त्यांच्या वस्तीलाही तांडा हेच नाव राहिलं.

ताफा अरबी ‘ताइफा’वरून, म्हणजे गट, पंथ. मराठीत तो पूर्वी नाचगाण्याच्या संचाला लावत, कलावंतिणींचा ताफा. आता मंत्र्यांच्या गाड्यांचा आणि विमानांचा. हाच शब्द पार स्पेनपर्यंत गेला: १०३१ मध्ये कोर्दोबाची खिलाफत मोडल्यावर तिथे जी छोटी छोटी राज्यं झाली, त्यांना इतिहासात ताइफा राज्यं म्हणतात.

फौज अरबी, अर्थ जमाव किंवा तुकडी. पलटण इंग्रजी ‘बटालियन’वरून, त्यावर ‘प्लॅटून’ची छाया. कागदाच्या दुकानातला दस्ता म्हणजे फारसी ‘दस्त’, हात; हातात मावेल एवढे कागद, पूर्वी २४. असे २० दस्ते म्हणजे एक रीम, ४८० कागद. आता रीम ५०० कागदांचं धरतात. रीम इंग्रजीतून आपल्याकडे आलं खरं, पण इंग्रजीत ते मुळात अरबी ‘रिझमा’वरून गेलेलं, आणि त्याचा अर्थ गठ्ठा.

## मग नवे शब्द तयार होणं थांबलं का?

मुळीच नाही, आणि ते कोशांत घडत नाही, कामाच्या जागी घडतं. ऊसतोडीत ‘कोयता’ हे हत्याराचं नाव राहिलेलं नाही, ते मोजमाप आहे. तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, कारखान्याशी करार होतो तो किती कोयते आणणार यावर. असे कोयते मिळून टोळी होते. तोडलेल्या उसाची मोळी बांधणं आणि ती डोक्यावरून गाडीत चढवणं हे मुख्यतः बाईचं काम, तरी मोजणीत ती वेगळी दिसत नाही. दोन माणसं एका शब्दात गेली की दुसऱ्याचा हिशोब पुसला जातो. हा शब्द परीक्षेच्या कुठल्याच यादीत नसतो, पण यायला हवा.

## ‘पण केळ्यांचा घड बरोबर की लोंगर?’

दोन्ही. मराठीत एका वस्तूला एकच समूहदर्शक शब्द, असा नियम नाही. केळ्याच्या झाडाला जो संपूर्ण झुपका येतो, तो घड किंवा लोंगर. त्यातली एकेक आडवी ओळ म्हणजे फणी. एका फणीत साधारण बारा ते वीस केळी असतात. हातगाडीवरून आपण डझनाने घेतो ती फणीतून तोडलेली. द्राक्षांचा घडही चालतो, घोसही. लोंगर मात्र केळ्यांचाच. तेव्हा पर्यायांत घड आणि लोंगर दोन्ही असतील तर प्रश्नच सदोष आहे, आणि त्यावर हरकत घ्यायला हवी.

काही जोड्या मात्र निव्वळ यादीमुळे ठरून गेल्या आहेत. ‘कलिंगडांचा ढीग’, ‘विटांचा ढीग’ यांत काही खास नाही, कशाचाही ढीग होतो. रचलेल्या विटांना कुणी ढीग म्हणणार नाही. ओतलेल्यांना म्हणेल.

## ‘इंग्रजीत तर प्रत्येक पक्ष्याला वेगळा शब्द आहे’

कावळ्यांचा ‘मर्डर’, सिंहांचा ‘प्राइड’ अशा याद्या मोबाइलवर फिरत असतात आणि त्यापुढे आपली भाषा गरीब वाटते. त्या शब्दांचा उगम माहीत असलेला बरा. यातले बरेचसे पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या शिकारीच्या याद्यांतून आले. १४८६ मध्ये छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ या ग्रंथात अशी दीडशेहून अधिक नावं आहेत. सरदार घराण्यातल्या तरुणाने शिकारीच्या वेळी कोणत्या प्राण्याच्या गटाला काय म्हणावं, हे कळणं कुलीनपणाची खूण होती. त्याच यादीत माणसांच्या धंद्यांवरची गमतीची नावंही घातलेली आहेत. यातली मोजकी टिकली. बाकीची बहुतेक फक्त यादीतच राहिली.

मराठी शब्दांचं मूळ नेमकं उलट्या जागी आहे. ते शेत, खळं, स्वयंपाकघर, बाजार आणि गोदाम इथे तयार झाले, रोजच्या वापरासाठी. आपल्याकडे पक्ष्यांना बहुधा एक ‘थवा’च पुरतो, कारण पक्षी आपण बांधत नाही, रचत नाही आणि हाकतही नाही. गवताला पेंढी, भारा, पाचुंदा, गंजी इतके शब्द लागतात, कारण त्याचं इतकं काम असतं.

## वाक्यात वापरताना काय चुकतं?

पहिली चूक क्रियापदाची. ‘पक्ष्यांचा थवा उडाले’ हे चूक; थवा उडाला. ‘मुलांचा घोळका उभे होते’ चूक; घोळका उभा होता. मधला अनेकवचनी शब्द कानात राहतो आणि क्रियापद त्याच्यामागे जातं. ‘मंडळी’ या एका शब्दात मात्र ‘मंडळी आली आहे’ आणि ‘मंडळी आली आहेत’ अशी दोन्ही रूपं कानावर पडतात.

दुसरी चूक लेखनाची. ‘पक्षांचा थवा’ म्हणजे राजकीय पक्षांचा. पाखरांचा लिहायचा असेल तर ‘पक्ष्यांचा’. तसंच मासा असेल तर ‘माशांची गाथण’. ‘माश्यांची’ लिहिलं की ती घोंगावणारी माशी झाली. किल्ला आणि किल्ली यांचं रूप मात्र सारखंच होतं, ‘किल्ल्यांचा’. तिथे अर्थ ठरवतो तो पुढचा जुडगा.

तिसरी गोष्ट चुकीची नाही, पण लक्षात घेण्यासारखी आहे. काही समूहदर्शक शब्द मापासारखे वापरता येतात: ‘दोन जुड्या मेथी’, ‘पाच पेंढ्या कडबा’, ‘तीन मोळ्या ऊस’. मधला ‘ची’, ‘चा’ गळतो आणि क्रियापद वस्तूकडे जातं: ‘तीन मोळ्या ऊस तोडला’, पण ‘उसाच्या तीन मोळ्या बांधल्या’. ‘दोन थवे पक्षी’ असं कुणी म्हणत नाही. जे माणूस हाताने बांधतो, विकतो, मोजतो, त्याचेच शब्द माप होतात.

## ‘शब्द कुठलाही वापरला तरी काय फरक पडतो?’

मेथीच्या बाबतीत फारसा नाही. माणसांच्या बाबतीत खूप. रस्त्यावर जमलेल्या त्याच शंभर जणांना बातमीत मेळावा म्हणता येतं, घोळका, जमाव, झुंड किंवा टोळकंही. माणसं कशी आणि कशासाठी जमली, याबद्दलचं लिहिणाऱ्याचं मत त्या एका शब्दात आधीच बसलेलं असतं. घोळका सहज जमतो. मेळावा बोलावलेला असतो. टोळकं म्हटलं की ते नीट वागणार नाही, हे गृहीत. झुंड म्हटलं की त्यातल्या कुणाचाही चेहरा उरत नाही; ‘झुंडबळी’ हा शब्द त्यातूनच घडला. वाचताना हे शब्द वेगळे काढून पाहावेत, आणि लिहिताना तर फार जपून वापरावेत.

कायद्यात तर या शब्दांना आकडे आहेत. ‘बेकायदेशीर जमाव’ व्हायला किमान पाच माणसं लागतात आणि त्यांचा समान उद्देश कायद्यात सांगितलेल्या उद्देशांपैकी एक असावा लागतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हे कलम १४१ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १८९ आहे. जमावबंदीचा आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, तो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. बोलण्यात मात्र अजून ‘१४४ लागलं’ असंच येतं. वंश, जात, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी न्याय संहितेत कलम १०३ मध्ये वेगळं पोटकलम आलं आहे. आणि यादीतल्या ‘दरोडेखोरांची टोळी’लाही किमान संख्या आहे: पाच किंवा त्याहून अधिक जणांनी मिळून लुटलं तरच तो कलम ३१० खालचा दरोडा ठरतो. चौघांनी तेच केलं तर गुन्हा नोंदवला जातो तो जबरी चोरीचा.